बादशाचं वजन

कुत्र्याचे केस आणि दवाखान्यातले किस्से, दोन्ही सारखेच. आपण काही गोळा करायला जात नाही. दुपारी दवाखाना बंद करून आत यावं आणि ओढणीवर दहा-बारा चिकटलेले सापडावेत. झटकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण एक उशी भरेल एवढे जमलेत.

माझा नवरा, नचिकेत, जनावरांचा डॉक्टर. किहीमला समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं घर, आणि घराची पुढची पडवी म्हणजेच दवाखाना. तिथे वजन करायला एक मुलगी होती. आमच्या लग्नाच्याच आठवड्यात तिला एका बंगल्यावर जास्त पगाराची नोकरी लागली. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवस तू बस गं. नुसतं वजन करायचं आणि कार्डावर लिहायचं."

ते दोन दिवस अजून चालू आहेत.

काम खरंच तेवढंच. कुत्र्याचं नाव विचारायचं, वय विचारायचं, काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्याने सांगायचा, कार्डावर लिहायचा. दहा महिन्यांत मला एवढं कळलं की वय लोक कमी सांगतात आणि वजन त्याहून कमी. आणि ज्याचं सांगतात तो बिचारा काहीच बोलत नाही, जीभ बाहेर काढून आपल्याकडे बघत बसतो.

मीही फार बोलत नाही. त्यामुळे आमचं जमतं.

* * *

आमचा काटा जमिनीलगतचा आहे. पत्र्याचा चौकोन, त्यावर काळं रबर, आणि भिंतीवर आकडे दाखवणारी पेटी. मोठी कुत्री त्यावर उभी राहतात. छोटी राहत नाहीत. पिल्लं तर मुळीच नाहीत. त्यांना तो पत्रा म्हणजे नाचायची जागा वाटते.

त्यावर जुनी युक्ती अशी, की पिल्लाला कडेवर घेऊन माणसानं काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून माणसाचं वजन वजा करायचं. ते माणूस म्हणजे मी.

वजाबाकी सोपी जावी म्हणून नचिकेत रोज सकाळी मला काट्यावर उभं करायचा आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवायचा. वर तारीख, खाली 'वहिनी' (इथे सगळे मला तेच म्हणतात), पुढे आकडा. अगदी बाकासमोर. पेशंट घेऊन आलेल्या प्रत्येकाला वाचता येईल असा.

मार्चमध्ये मी एक्कावन्न होते. मेमध्ये त्रेपन्न. त्याला कारण दुसरं काही नाही, सासूबाईंच्या हातचं खोबरं. पण गल्लीतल्या बायकांनी त्रेपन्न वाचलं आणि त्या दुपारी तीन घरांतून कैरी आली. एकीने तर सासूबाईंना बाजूला घेऊन कितवा महिना म्हणून विचारलं.

मी संध्याकाळी नचिकेतला म्हटलं की उद्यापासून फळ्यावर एक्कावन्नच लिही.

तो खरोखर गोंधळला. "असं कसं लिहू? दोन किलोचा फरक म्हणजे पिल्लाचं औषध चुकेल."

"मग माझं वजन एका चिठ्ठीवर लिहून खणात ठेव."

"ते चालेल," तो म्हणाला. "पण आकडा त्रेपन्नच."

लग्न ठरवताना सगळे म्हणाले होते, मुलगा सरळ आहे. किती सरळ ते कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

शनिवार-रविवार आमच्याकडे मुंबई येते. मांडव्याला बोटीतून उतरते, बंगल्यांवर जाते, आणि तिथून कुत्र्याला घेऊन आमच्या पडवीत. पडवीत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाला चपला बाहेर काढाव्या लागतात, कारण पडवीच्या पलीकडे लगेच देवघर आहे आणि सासूबाईंची नजर तिथवर पोचते. त्यामुळे मी माणसं चेहऱ्यापेक्षा पावलांवरून जास्त ओळखते. खाली बघून लिहायचं काम असलं की तसंच होतं.

एका रविवारी सुंदर, रंगवलेल्या नखांची पावलं आली आणि त्यांच्या मागून एक लॅब्रेडॉर. चालत नव्हता, वाहत होता. काट्याने पंचेचाळीस दाखवले. मी मोठ्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्याची हाडं जड आहेत. बाकी तो फक्त गाजर आणि काकडी खातो."

नचिकेत त्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून बराच वेळ हात फिरवत होता. चाचपत होता, पुन्हा चाचपत होता. मग म्हणाला, "मॅडम, हाडं असतील. पण माझ्या हाताला एकही लागत नाहीये."

त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांचा माळी मात्र आला, त्याच लॅब्रेडॉरला घेऊन, आणि आवाज खाली करून विचारलं की केकमध्ये गाजर असलं तर ते गाजर धरायचं का.

* * *

आता बादशा.

बादशा म्हणजे ग्रेट डेन. उंची वासराएवढी, रंग राखेचा, चेहरा निवृत्त न्यायाधीशाचा. आमच्या गल्लीच्या टोकाला नारळाच्या वाडीतला मोठा बंगला आहे, तिथला. मालक मुंबईत. त्यांची मुलगी रिया, तिने हट्टानं आणलेलं हे पिल्लू. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला परदेशी गेली आणि बादशाला गजाकाकांच्या हवाली करून गेली.

गजाकाका त्या बंगल्याचे राखणदार. अजून स्वतः नारळावर चढतात. त्यांची पावलं आपल्यासारखी नाहीत. रुंद, फाकलेली बोटं, अंगठा तर वेगळीकडेच बघणारा. रिया जाताना त्यांना एवढंच म्हणाली होती, "काका, मी परत येईपर्यंत याला सांभाळाल ना?" काका व्हय म्हणाले. ते व्हय त्यांनी किती मनावर घेतलंय ते मला पुढे कळलं.

मी पहिल्यांदा बादशाचं कार्ड भरलं तेव्हा वय विचारलं. आठ, काका म्हणाले. आणि मग खुशीत हिशोब सांगितला, की कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. म्हणजे बादशा छप्पन्नचा. "माज्याच वयाचा हाय, वैनी. मी अजून माडावर चढतंय. आमा दोघांना काय धाड भरलीय?"

नचिकेत आतून ऐकत होता. तो बाहेर आला आणि त्याच्या त्या सरळपणाने सांगितलं, की सातचा हिशोब खरा नाही. लहान चणीचं कुत्रं आठव्या वर्षी भर जवानीत असतं. पण एवढा मोठा देह लवकर म्हातारा होतो. तळहातावरचं पिल्लू दीड वर्षात साठ किलोचं व्हायचं, तर शरीर कुठून तरी ते वसूल करतंच. बादशा माणूस असता तर सत्तरी ओलांडून बसला असता.

काका बादशाच्या कानामागे खाजवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "रियाताई पुढच्या नाताळात येनार हाय. तवर?"

"बघू," नचिकेत म्हणाला. त्याच्या तोंडून 'बघू' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या वेळी काका आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात काहीतरी बदललं होतं, आणि काय ते मला चटकन कळेना. मग कळलं. आपल्यापेक्षा वडील आहे म्हटल्यावर त्यांनी बादशाला एकेरी हाक मारणं सोडलं होतं.

"अहो बादशा," ते त्याच्या ढुंगणाला मागून रेटत म्हणत होते, "चढा की वाईच. वैनी खोळंबल्यात."

* * *

आमच्या बाकावर दर गुरुवारी पद्माकाकू बसतात. शेजारच्याच. त्यांच्या मांडीवर सोनू, पामेरियन, वजन चार किलो, वय सोळा. दात तीन उरलेत, तिन्ही माझ्या मनगटावर उमटलेत.

सोनू सोळाची आहे हे गजाकाकांना कळलं तो दिवस वाईट होता. ते कधी सोनूकडे बघत, कधी बादशाकडे. त्यांच्या हिशोबात बसेना. एवढासा जीव सोळा वर्षं, आणि हा डोंगर आठव्या वर्षी म्हातारा? शेवटी त्यांनी काकूंना विचारलंच, की हिला खायला काय घालता.

काकूंनी आधी सोनूवर पदर घेतला, दृष्ट लागू नये म्हणून. मग सांगितलं. सकाळी अर्धी वाटी दूध आणि पाव पोळी.

काका मान हलवून गेले.

तिसऱ्या दिवशी फोन आला की बादशाचं पोट बिघडलंय. बिघडलंय म्हणजे कसं, तर काका दोन दिवस पाण्याचा पाइप हातात घेऊन अंगणातच उभे आहेत. नचिकेतने विचारलं काय खाल्लं. तर काकांनी सोनूचंच खाणं सुरू केलं होतं, पण नीट हिशोबानं. सोनू चार किलो, बादशा अडुसष्ट. म्हणजे बादशात सतरा सोनू. अर्ध्या वाटीचे सतरा हिस्से, साडेआठ वाट्या दूध. पाव पोळीचे सतरा, सव्वाचार पोळ्या. गणित एकदम बरोबर होतं.

पुढच्या गुरुवारी नचिकेतने त्यांना बाकावर बसवून समजावलं. म्हणाला, काका, छोट्या टोपातलं पाणी लवकर निवतं की मोठ्या हंड्यातलं? टोपातलं. म्हणून टोपाखाली चूल सारखी जाळावी लागते. हंड्याला तेवढी लागत नाही. सोनूच्या आत मोठी चूल आहे, तिच्या मानाने. बादशाच्या आत त्याच्या मानाने मंद. तो सतरापट मोठा असला तरी त्याला सतरापट लागत नाही, आठपट खूप झालं. आणि म्हातारपणी ती चूल आणखी मंदावते, म्हणून खाणं आणखी कमी.

काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. पद्माकाकूही ऐकत होत्या. सोनू तेवढी ऐकत नव्हती, ती माझी ओढणी खात होती.

"मंग डाक्टर," काका म्हणाले, "जी एवढी चूल जालतेय ती लवकर ईझायला पायजे. ती सोला वर्सं कशी जलतेय?"

नचिकेतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उंदीर थोडं जगतो, हत्ती पुष्कळ जगतो, हे त्याला सांगता आलं असतं. मग कुत्र्यांतच उलटं का, हा पुढचा प्रश्न आलाच असता.

"काका," तो म्हणाला, "तेच तर अजून सगळे शोधतायत."

"शोधा," काका म्हणाले. "पन नाताळाच्या आत."

* * *

बादशाला आठ किलो उतरवायचे होते. अंगावर जितकं ओझं कमी, तितकं सांध्यांना आणि हृदयाला बरं, म्हणजे तितके दिवस जास्त. नचिकेतने कागदावर लिहून दिलं, किती द्यायचं, केव्हा द्यायचं. काकांनी तो कागद बंगल्याच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवला. मी स्वतः बघितलाय.

दोन आठवड्यांनी वजन केलं, तर बासष्ट! एकदम सहा किलो खाली. नचिकेत खूश. मी पण आकडा लिहायला लागले, आणि सवयीने खाली बघितलं.

बादशाचे मागचे पाय काट्यावर नीट टेकलेच नव्हते. काकांनी त्याच्या पोटाखालून टॉवेल घातला होता आणि दोन्ही टोकं धरून वर ओढत होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, चेहऱ्यावर मात्र देवळात उभं असल्यासारखा भाव.

"काका," मी म्हटलं, "टॉवेल सोडा."

त्यांनी सोडला. काटा अडुसष्टवर गेला, थोडा थरथरला आणि एकोणसत्तरवर थांबला.

नचिकेत चिडला. त्यांना म्हणाला, काटा फसवून काय मिळणार? मी औषध या आकड्यावर देतो. काटा खोटा बोलत नाही, तुम्ही त्याला बोलायला लावू नका. काका मान खाली घालून उभे. मग हळूच म्हणाले की ते कागदाप्रमाणेच देतात, एक घास जास्त नाही, देवाशपथ. तरी उतरत नाही. म्हणून त्यांना भीती वाटली की डॉक्टर आता काहीतरी वाईट सांगणार.

मला त्यांचं खरं वाटलं. मी नचिकेतला काही बोलले नाही. पण संध्याकाळी पाच वाजता, बादशाच्या फिरायच्या वेळी, मी ओट्यावर भाजी निवडायला बसले.

बादशा गल्लीत शिरला. पहिल्या घरापाशी थांबला. दार उघडलं, एक हात बाहेर आला, हातात भाकरी. बादशाने ती अदबीने घेतली. दुसऱ्या घरापाशी थांबला. भाकरी. आमच्याकडे अजून बहुतेक घरांत पहिली भाकरी मुक्या जनावराची असते. पूर्वी ती गाईची असे. आता गल्लीत गाय उरली नाही. बादशा आहे. गल्लीत घरं चौदा.

काका मागून साखळी धरून उभे. मी विचारलं तर म्हणाले, "त्ये त्यांच्या घरचं हाय, वैनी. कागदावर माज्या घरचं लिवलंय."

तेराव्या घरानंतर बादशा आमच्या फाटकाशी आला आणि थांबला. आतून सासूबाई आल्या. हातात भाकरी. वर तूप.

तेवढ्यात नचिकेत बाहेर आला.

त्यानंतर जे झालं ते सगळं सांगत नाही. एवढंच, की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू तुझ्या दवाखान्यात काय ते बघ. माझ्या ओट्यावर डाएट नाही."

* * *

तोडगा पद्माकाकूंनी काढला. भाकरी बंद करायची नाही, कारण दारात आलेल्याला परत पाठवायचं कसं? भाकरी लहान करायची. झालं. चौदा घरांत रोज संध्याकाळी एकेक बादशाची भाकरी व्हायला लागली, पुरीपेक्षाही लहान. सासूबाई ती चिमटीने उलटायच्या. गल्लीत नवीन कोणी पाहुणी आली की तिला वाटायचं, घरात भातुकली चालू आहे.

आणि वजन उतरायला लागलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला सहासष्ट. नारळी पौर्णिमेला त्रेसष्ट. गणपतीत साठ, म्हणजे हवं तेवढं. नचिकेतने काकांशी हात मिळवला. बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, बादशाने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि काट्यावरच झोपला.

दसऱ्याला अठ्ठावन्न.

दिवाळीच्या आधी पंचावन्न.

पंचावन्नचा आकडा मी हळू आवाजात सांगितला. नचिकेतने बादशाच्या पाठीवरून हात फिरवला. आता हाडं लागत होती, एकेक करून. त्याने रक्त घेतलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला. मग काकांना म्हणाला की हृदय थकलंय. औषध आहे, पण ते हृदयाचं. वयाचं नाही.

"डाएट बंद?" काकांनी विचारलं.

"बंद. खाईल ते द्या."

मी घरात हे कोणाला सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तवा मोठा काढला. भाकरी पुन्हा ताटाएवढी थापली, वर तूप घातलं, आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. बादशाने ती अदबीने तोंडात घेतली, चार पावलं नेली आणि खाली ठेवली. काकांनी ती उचलून टॉवेलात बांधली. सासूबाई आत आल्या आणि बराच वेळ चुलीचा कट्टा पुसत राहिल्या. तो पुसलेलाच होता.

नचिकेतने रियाला फोन केला. खरं ते सांगितलं, त्याला दुसरं येतच नाही. तिची परीक्षा होती. ती नाताळाशिवाय निघू शकत नव्हती. मग ती रोज व्हिडिओ कॉल करू लागली. काका फोन बादशाच्या तोंडासमोर धरायचे आणि ती तिकडून हाका मारायची. बादशा एक कान उचलायचा. एकदा आमच्या पडवीतच हे चाललं होतं, तेव्हा ती म्हणाली, "काका, तो उठत का नाहीये?"

बाहेर ढग होते, दिवसभर सूर्य दिसला नव्हता.

"ऊन लय हाय, ताई," काका म्हणाले.

* * *

रिया आली. मांडव्याच्या धक्क्यावर काका बादशाला घेऊन गेले होते. त्याला रिक्षात कसं बसवलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, फक्त रिक्षावाला अजून सांगत असतो. बोट लागली, रिया उतरली, आणि महिनाभर चार पावलांवर थांबणारा तो प्राणी अर्धा धक्का चालत गेला. काका म्हणाले की त्यांच्या हातातून साखळी सुटली. त्यांच्या हातातून कधी नारळ सुटलेला मी बघितला नाही.

दहा दिवस ती होती. बादशाला हाताने भरवायची. भात, अंड्याचं पांढरं, उकडलेली कोंबडी. रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गादी घालून झोपायची. सकाळी त्याला समुद्रावर न्यायची, तो ओल्या वाळूत बसायचा, ती शेजारी बसायची. गल्लीतल्या बायकाही भाकरी घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या, पण आता तिच्या हाती द्यायच्या.

जायच्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन दवाखान्यात आली. दुपारची बोट होती, संध्याकाळचं विमान. बाकावर पद्माकाकू होत्या, मांडीवर सोनू. सोनूसुद्धा त्या दिवशी भुंकली नाही.

रियाने चपला बाहेर काढल्या. काकांना चपला नसतातच.

तिने माझ्याकडून बादशाचं कार्ड मागून घेतलं. त्यावरची आकड्यांची रांग वरून खाली वाचली. माझंच अक्षर होतं, अडुसष्टपासून. शेवटचा आकडा ती यायच्या आदल्या दिवशीचा, एक्कावन्न.

"दहा दिवस नीट जेवलाय तो," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. "माझ्या हातून सगळं खाल्लंय. थोडं तरी वाढलं असेल ना?"

नचिकेतने कार्ड तिच्या हातून घेऊन माझ्याकडे दिलं. मी काटा चालू केला.

"अहो बादशा," काका म्हणाले, "चढा."

तो चढला. एकेक पाय करत. रिया त्याच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याचं डोकं छातीशी धरलं, म्हणजे तो हलू नये. तिचं तोंड त्याच्या मानेत होतं. काका मागे उभे होते, एक हात त्याच्या पाठीवर. पेटीतले आकडे पळायला लागले. पन्नासच्या आसपास घुटमळले. मग पुढे सरकले. त्रेपन्नवर थांबले.

मी खाली बघितलं. सवयच आहे.

काळ्या रबरावर बादशाची चार पावलं होती, आणि मागच्या कडेला पाचवं. रुंद, फाकलेल्या बोटांचं, अंगठा वेगळीकडे बघणारा.

मी मान वर केली. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते, देवळात उभं असल्यासारखे. मी नचिकेतकडे बघितलं. तो पेटीकडे बघत नव्हता. तोही खालीच बघत होता.

"किती?" रियाने विचारलं. मान वर न करता.

आकडा सांगायचं काम माझं. पण माझ्या आधी तो बोलला.

"त्रेपन्न," नचिकेत म्हणाला. "दोन किलो वाढलंय."

मी कार्डावर त्रेपन्न लिहिलं. अक्षर नीट आलं.

रिया रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही. तिचं तोंड अजून त्याच्या मानेतच होतं. मग तिने डोळे पुसले, त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवली आणि त्याला हळूहळू खाली घेतलं. एक पाय, दुसरा, तिसरा, चौथा. दोघं दाराकडे निघाले.

भिंतीवरच्या पेटीत अजून तीन किलो दिसत होते.

मी हात लांब करून बटण बंद केलं.